सरळ पायाची गाडी

आमच्या दिवाणखान्यात जी गाडी उभी होती, ती चालत नव्हती, एवढा एकच दोष तिच्यात होता. बाकी सगळं जिथल्या तिथे. विटांवर चढवलेल्या जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या म्हणजे पुढची सीट. पुस्तकांचं बुटकं कपाट म्हणजे डॅशबोर्ड. फरशीवर चिकटपट्टीने आखलेली चौकट म्हणजे गाडीचा तळ. ती चौकट ओलांडून कुणी चहा घेऊन आला की मी ओरडायचो, कारण गाडीच्या पत्र्यातून माणूस आत येत नाही, दारातून येतो. दाराच्या जागी न्हाणीघराचं काढून ठेवलेलं जुनं दार होतं. ते धरून बायको उभी राहायची. मी ‘उघड’ म्हटलं की उघडायची आणि ‘लाव’ म्हटलं की लावायची. ड्रायव्हर अर्थातच मी. माझ्या हातात पिठाची चाळणी होती.

मला गाडी चालवता येत नाही. का येत नाही ते विचारू नये, तो विषय आमच्या घरात मिटलेला आहे. घरात गाडी येते ती फक्त बायकोला, आणि झकास येते. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिथली छोटी गाडी घेऊन गावभर नमुने गोळा करत फिरते. पण दिवाणखान्यातली गाडी चालवायची नव्हतीच, तिच्यात नुसतं बसायचं होतं. बसण्याच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारा नाही.

गाडी कशासाठी, तर बाबांसाठी. बाबा स्टुलावर चढून दिवा बदलत होते आणि दिवा बदलून झाल्यावर खाली आले, पण स्टुलावरून नव्हे. गुडघ्यात पट्ट्या, स्क्रू, सगळं बसलं. पाय उभा राहिला, चालू लागला, पण वाकेना. डॉक्टर म्हणाले, आता तो तसाच, सरळ राहणार. बाबा उंच माणूस. खुर्चीत बसले की तो पाय समोर फळीसारखा पसरलेला, आणि आम्ही सगळे त्याला अडखळत. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेच नव्हते.

आणि आता आत्या निघाली होती. माझी आत्या म्हणजे बाबांची एकुलती एक, धाकटी बहीण. घर विकून, सामान वाटून, लेकीकडे समुद्रापलीकडे, कायमची. रविवारी संध्याकाळी तिचं विमान होतं. तिचं गाव आमच्यापासून दोनेक तासांवर. ती फोनवर म्हणाली, “दादा, मीच येते ना भेटायला.” बाबा म्हणाले, “मुळीच यायचं नाही. या पलंगावर बघून जायचं नाही तू मला. मी येतो. तुझ्या दारात उभा राहतो, मग जा कुठे जायचंय तिथे.”

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बघणं साधंच होतं, पण न्यायचं कसं ते मलाच ठरवायचं होतं.

मी रुग्णवाहिकेचं नाव काढून बघितलं. तिच्यात माणूस आडवा जातो, पायाचा प्रश्नच नाही. बाबा म्हणाले, “रुग्णवाहिकेतून उतरलो तर ठमी मला बघायच्या आधीच गळा काढील. तू जरा डोकं चालव की.” ठमी म्हणजे आत्या. तिला नातवंडं आहेत, पण बाबांच्या लेखी ती ठमीच.

आता, भाड्याची गाडी का नाही केली, असं समोरच्या काकूंनी विचारलं, तसं तुम्हीही विचाराल. भाड्याच्या गाड्याही गुडघे वाकणाऱ्या माणसांसाठीच बनवलेल्या असतात. शिवाय आत्याला भेटून आल्यावर बाबांनी पुन्हा भिंतीकडे बघत बसायचं का? गाडी घ्यायचीच, असं आम्ही ठरवलं. ‘आम्ही’ म्हणजे मी. बायको म्हणाली होती, “घ्या, पण मला एकदा विचारा.” मी म्हटलं, “रंगाचं नंतर बघू.”

आधी आम्ही सरळ मार्गानेच गेलो. गल्लीच्या टोकाला जुन्या गाड्या विकणारा एक जण आहे. बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून तिथवर नेलं. आमच्या मागे वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक आणि समोरच्या काकू, कुणी बोलावलं नसताना. प्राध्यापकांचं म्हणणं, गाडी निवडताना फक्त धडक बघावी. म्हणजे समोरून धडक बसली तर काय होतं, बाजूने बसली तर काय होतं. काकूंचं म्हणणं, धडक-बिडक सोडा, गाडी धुवायला किती वेळ लागतो ते बघा. दोघांचं तिथेच जुंपलं, आणि गाडीवाल्याला वाटलं की गाडी यांनाच घ्यायची आहे.

पहिली गाडी बुटकी होती. “पेट्रोल कमी पिते साहेब, वळते झकास. आणि बसताना बसतोय असं वाटतच नाही, आपोआप आत जातो माणूस.” बाबांकडे बघूनच कळत होतं की ते आपोआप आत जाणार नाहीत, आपोआप पडतील. बुटकी सीट म्हणजे गुडघा वाकवून खाली उतरणं, आणि तेच तर होत नव्हतं. मग त्याने उंच जीप दाखवली. तिच्यात पाय पसरायला ऐसपैस जागा, पण आत जायचं तर आधी चढायचं. गाडी बनवणारे एका हाताने देतात ते दुसऱ्या हाताने काढून घेतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उंची दिली की चढ येतो. चढ काढला की पाय मावत नाही. पाय मावेल इतकी लांब केली की ती आमच्या फाटकातून आत वळत नाही.

बाबा म्हणाले, “थांब, मी चढतो.” वाकणारा पाय पायरीवर ठेवला, हात वरच्या कडीला, आणि अंग उचललं. सरळ पाय बाहेरच राहिला. तो आत घ्यायला त्यांनी कंबर वळवली आणि कडीवरचा हात सुटला.

गाडीवाल्याने त्यांना काखेत धरून झेललं म्हणून वाचले. पण झेलताना तो मोठ्याने ओरडला, “काका, घाबरायचं नाही, मी धरलंय!” आजूबाजूची माणसं थांबली. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी वारा घालायला लागलं. प्राध्यापक म्हणाले, “बघा, ही बाजूची धडक.” आणि बाबा, ज्यांनी आयुष्यभर कुणाला आपली पिशवीसुद्धा उचलू दिली नाही, ते एका परक्या माणसाच्या हातात लोंबकळत होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

आम्ही त्यांना घरी आणलं. पलंगावर बसल्यावर म्हणाले, “बाजारात बसवून-उठवून दाखवायला मी काय सोफासेट आहे? ठमीला कळव, मी येत नाही.” आणि तोंड फिरवलं.

मला त्या जीपचा, गाडीवाल्याचा, पाणी आणणाऱ्याचा आणि स्वतःचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन एक बशी फोडली. म्हणजे ती फुटली. बायको म्हणाली, “बशीवर कशाला राग काढताय? माप घ्या ना. जन्मभर लोकांच्या घरांची मापं घेताय.”

हे मात्र खरं. मी आरेखक आहे. घरांचे नकाशे काढतो. जिना किती उंच, दार किती रुंद, माणूस कुठून वळेल, हेच माझं रोजचं काम. मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. “बाबा, बाजारात जायचं नाही. गाडी इथे घरातच बांधतो. तुम्ही बसून बघा. जमेल ते माप मी बाहेर शोधतो. तुम्ही गाडीत पाय ठेवाल तो एकदाच, आणि नीट बसायलाच.”

बाबा भिंतीकडे बघूनच म्हणाले, “आणि त्या धडकवाल्याला घरात घेऊ नकोस.”

तर अशी ती दिवाणखान्यातली गाडी. सकाळ-संध्याकाळ तालीम चालायची. मी ‘उघड’ म्हणायचो, बायको दार उघडायची. बाबा पाठमोरे होऊन आधी बूड टेकवायचे, मग अंग वळवत पाय आत घ्यायचे. पहिल्या दिवशी पाय कपाटावर आपटला. मी एक वीट काढली. मग बूड टेकेना. पुन्हा वीट घातली आणि खुर्च्या मागे सरकवल्या. मग दार अपुरं पडलं, कारण सरळ पाय आत यायचा तर दार लांबच लांब हवं आणि पुरतं उघडायला हवं. बायकोला दार घेऊन थेट शोकेसपर्यंत जावं लागलं. तिने तिथूनच विचारलं, “अहो, हे असं लांब दार रस्त्यात उघडणार कुठे?” मी म्हटलं, “दाराने मध्ये बोलू नये.”

माझ्या चुका मोजायच्या तर त्या वाक्यापासून मोजाव्या लागतील.

एका संध्याकाळी मात्र जमलं. बाबा बसले, वळले, पाय आत आला, कुठेच न आपटता. त्यांनी स्वतःच कपाटावर थाप मारली आणि म्हणाले, “चल, घे गाडी.” मी चाळणी फिरवली. दोघेही पुढे बघत बसलो होतो, समोरच्या भिंतीकडे. बाबा हसत होते. “ठमीला सांग,” ते म्हणाले, “येतोय म्हणून.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आता माघार नव्हती. रविवार चार पावलांवर आला होता, आणि माझ्याजवळ गाडी नव्हती, गाडीची मापं होती. सीट कमरेच्या थोडी खाली, दार लांब, पायापुढे मोकळी जागा हवी. मी टेप घेऊन गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याकडे गेलो. एकाने विचारलं, “इंजिन बघायचं नाही?” मी म्हटलं, “इंजिनाला गुडघे असतात का?” त्याने मला बाहेरची वाट दाखवली.

शेवटी शुक्रवारी ती सापडली. कपडे धुऊन पोचवणाऱ्या एका लाँड्रीची जुनी गाडी. दोनच दारं, पण केवढी लांब! मागे एक घडीची सीट आणि छताला कपडे टांगायचे दांडे. पुढे दोन सुट्या सीटा नव्हत्याच. या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट होती, बाकासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालून निघालेला, त्यामुळे मध्ये काही आडवं येत नव्हतं. मी टेप लावला. माप जुळलं. पुन्हा लावला. पुन्हा जुळलं. मला रडू यायचंच बाकी राहिलं. बाजूच्या पत्र्यावर रंगाखालून ‘तातडीची इस्त्री’ अशी अक्षरं पुसट दिसत होती, पण त्याला माप नसतं.

लाँड्रीच्या ड्रायव्हरने ती घरी आणून सोडल्यावर खिडकीतून बघून बाबा म्हणाले, “चालेल. चुरगळलेला तर मी आहेच.” आणि खाली येऊन, बायकोने खरंखुरं दार उघडल्यावर, पाठमोरे झाले, बूड टेकवलं, वळले, पाय आत. पहिल्याच फटक्यात! समोरच्या काकूंनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी वाकून चाकं बघितली आणि मान हलवली. मी नुसता बघत उभा होतो. माझ्या आयुष्यात माझ्या नकाशाप्रमाणे हुबेहूब झालेली ही पहिलीच गोष्ट.

“चला, एक चक्कर मारून येऊ,” मी बायकोला म्हटलं.

ती ड्रायव्हरच्या जागी बसली. बसली आणि तशीच बसून राहिली.

“काय झालं?”

“पाय पोचत नाही.”

“कुठे पोचत नाही?”

“क्लचला, ब्रेकला. कुठेच.”

माझी बायको ठेंगणी आहे. हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. मी वाकून सीटखालचा खटका ओढला आणि सीट पुढे सरकवली. सीट सरकली, सगळीच्या सगळी, या दारापासून त्या दारापर्यंत, आणि बाबांचा सरळ पाय डॅशबोर्डला जाऊन भिडला. बाबा कळवळले. मी सीट मागे घेतली. बायकोचे पाय हवेत. पुढे घेतली, बाबा कळवळले. एकच सीट, आणि तिच्यावर बसणाऱ्यांपैकी एकाला ती पुढे हवी, एकाला मागे.

मी आठवडाभर बाबांना मोजलं होतं. दाराला मोजलं, फाटकाला मोजलं, प्राध्यापकांच्या नादाने समोरच्या धडकेलासुद्धा थोडं मोजलं. पण जी गाडी चालवणार, तिला मी दार करून उभं केलं होतं. आणि तिच्या जागी कोण बसलं होतं? हातात चाळणी घेऊन मी, बाबांसारखाच लंबूटांग.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मी म्हटलं होतं, मला एकदा विचारा.” आणि उतरून घरात गेली.

मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, पेडलांना लाकडी ठोकळे बसवू, उंच होतील. तासाभरात बसवले, आणि माझ्या जिवात जीव आला. पण गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय गावाबाहेर काढता येत नव्हती, आणि त्यासाठी वाहन कचेरीतून ती तपासून घ्यायची होती. शनिवारी कचेरी अर्धा दिवसच. आम्ही गेलो तेव्हा रांग बाहेरपर्यंत आली होती. आमची पाळी आली तेव्हा तपासनीस डब्याची पिशवी उचलत होते. त्यांनी आत डोकं घातलं, पेडलांकडे बघितलं आणि डोकं बाहेर काढलं.

“हा बदल आहे.”

“कसला बदल, साहेब? ठोकळा आहे.”

“कारखान्यातून ठोकळा आला होता?”

“नाही.”

“मग बदल आहे. बदलाचा अर्ज वेगळा. खिडकी सोमवारी उघडेल.”

“साहेब, उद्या माझ्या वडिलांची बहीण जातेय. कायमची.” माझा आवाज फाटला. मागच्या रांगेतल्या माणसांनी माना वर केल्या. माझ्यावर कचेरीत कधी असं बोलायची वेळ आली नव्हती, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. पण बाबा त्या जीपपाशी जसे दिसले होते, ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

तपासनिसांनी पिशवी खाली ठेवली. “ठोकळे काढा. मग मी सही करतो.”

“पण ठोकळे काढले तर हिचा पाय पोचत नाही.”

बायको पुढे झाली. “साहेब, पाठीमागे उशी घेतली तर चालेल का? तो बदल की काय?”

साहेबांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. “उशी,” ते म्हणाले, “हे सामान आहे.”

ठोकळे निघाले. सही झाली. परत येताना गाडी बरोबर आलेल्या मिस्त्रीने चालवली.

रविवारी आमचा सोफा उघडा पडला. त्याच्या दोन जाडजूड उशा बायकोच्या पाठीमागे आणि एक खाली. आता तिला समोरचं दिसत होतं, पाय पोचत होते आणि सीट बाबांच्या सोयीने मागेच राहिली होती. तिने गल्लीत दोनदा करकचून ब्रेक लावून बघितला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, छताचे दांडे खणखणले. फक्त एक झालं. ब्रेक लावला की वरची उशी निसटायची आणि बायको मागे जायची, म्हणजे पाय ब्रेकवरून सुटायचा.

“तुम्ही मध्ये बसा,” ती मला म्हणाली, “आणि उशी धरा.”

असा आमचा प्रवास सुरू झाला. दाराकडे बाबा, पाय पसरून. मध्ये मी, हात मागे घालून उशी दाबून धरलेली. लोक गाडी घेतात तेव्हा एक हात खिडकीबाहेर टाकून ऐटीत बसतात. माझा हात बायकोच्या पाठीमागे अडकलेला, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की या वयात काय हे लाडिक चाळे. मला कुणाला थांबवून समजावूनही सांगता येईना.

पण हसण्याची ती वेळ नव्हती. घाटाच्या उताराला लागलो आणि माझा हात बधिर झाला. पुढे ट्रॅक्टरची एक ट्रॉली अडकून पडलेली. बायको म्हणाली, “घट्ट धरा.” मी म्हटलं, “धरलंय.” “घट्ट!” मला बोटं आहेत की नाहीत तेच समजत नव्हतं. बाबांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबला, जोरात. गाडी थांबली, ट्रॉलीच्या अगदी मागे. बायकोच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग दर थोड्या अंतरावर थांबत, बाबांचा पाय चोळत, माझा हात चोळत आम्ही पुढे निघालो, आणि ठरवल्यापेक्षा फार उशीर झाला.

आत्याच्या गल्लीत शिरलो तर समोर तिचं उरलेलं सामान नेणारा ट्रक उभा. गल्ली अरुंद, आणि ट्रकवाला ओरडत होता, “कडेला घ्या, आणखी कडेला!” बायकोने गाडी कुंपणाच्या भिंतीला अगदी चिकटवली. तोवर मागून एक टॅक्सी शिरली, तिच्यामागे आणखी दोन गाड्या. टॅक्सी आत्याचीच होती. तिला विमानतळावर न्यायला आली होती.

बाबांनी दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि भिंतीला लागलं.

मी बायकोला ओलांडून उतरलो आणि ट्रकवाल्याकडे धावलो. म्हटलं, पुढे घ्या जरा. तो म्हणाला, “कपाट जिन्यात अडकलंय, सोडून कसा जाऊ?” टॅक्सीवाल्याकडे धावलो. म्हटलं, मागे घ्या. तो म्हणाला, “माझ्यामागे किती आहेत ते बघा.” बायकोच्या बाजूने उतरवावं म्हटलं तर बाबांचा पाय डॅशबोर्डखाली फळीसारखा. तो बाहेर निघायला तेच लांब दार पुरतं उघडायला हवं. लांब दार रस्त्यात उघडणार कुठे, हे एका दाराने मला विचारलं होतं.

बाबांनी आणखी एकदा दार ढकललं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आत्याचं दार तिथून दिसत होतं, तीन पायऱ्यांवर, उघडं. तिथे त्यांना उभं राहायचं होतं. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

आत्या बाहेर आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात खोकी बांधायच्या सुतळीचा गुंडा. तिने गाडी बघितली, पत्र्यावरची ‘तातडीची इस्त्री’ वाचली, काचेतून दादा बघितला. टॅक्सीवाला म्हणाला, “बाई, उशीर होतोय.” आत्या म्हणाली, “तुझा रस्ता बंद आहे, मग कसला उशीर?” आणि सरळ चालत बायकोच्या दाराशी आली. बायको उतरली. आत्या वर चढली, उशा ओलांडून बाकावरून सरकत सरकत गेली आणि बाबांना चिकटून बसली. मध्ये गिअर नाही, हँडब्रेक नाही, काही नाही.

“मी दारात उभा राहणार होतो,” बाबा म्हणाले. “ठमे, रोज तालीम केली मी. उभा राहून दाखवणार होतो तुला.”

“उभा कशाला हवायस मला? उभा माणूस घाईत असतो. बस असाच.”

मग तिने त्यांचा हात घेतला आणि दोघेही रडायला लागले, अगदी मोठ्याने, आणि टॅक्सीवाल्याने तोंड फिरवलं. मी आणि बायको पायरीवर जाऊन बसलो. काचेआड ती दोन पांढरी डोकी बोलत होती, हसत होती, पुन्हा डोळे पुसत होती. कपाट जिन्यात अडकून होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, राहू दे अडकून.

पण ते निघालं. ट्रक हलला. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. आत्या उतरायला लागली तेव्हा उशी तिच्या हाताखालून निसटली.

“हे काय आहे?”

“सुनेला टेकायला,” बाबा म्हणाले. “तुझ्या भाच्याने सगळ्यांना मोजलं, तिला सोडून.”

आत्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग हातातली सुतळी उलगडली, उशांवरून आणि सीटच्या पाठीवरून दोन वेढे घेतले, करकचून गाठ मारली आणि बायकोला म्हणाली, “बस बघू.” बायको बसली. उशी तसूभर हलली नाही. आमच्या घरात एवढी डोकी, आणि सुतळी कुणाला सुचली नव्हती. आत्याने बायकोच्या गालावरून हात फिरवला, बाबांकडे बघून “जाते, दादा” म्हणाली, आणि गेली. टॅक्सी वळेपर्यंत बाबांनी काचेवर हात ठेवला होता.

गल्ली मोकळी झाली. आता दार उघडलं असतं, पण उतरून जायला तिथे कुणी नव्हतं. मी बायकोच्या बाजूने चढून मध्ये बसायला लागलो.

“तू मागे बस,” बाबा म्हणाले.

“का? पाय लागतोय का माझा?”

“नाही.” त्यांनी मधल्या जागेवर तळहात टेकवला. “इथे आत्ता ठमी बसली होती. घरी जाईपर्यंत राहू दे.”

मी मागे गेलो. मागची घडीची सीट मी तोवर उघडूनसुद्धा बघितली नव्हती. तिथे पाय ठेवायला जागाच नाही. गुडघे हनुवटीला लागतात आणि प्रत्येक खड्ड्याला छताचा दांडा टाळक्यात बसतो. बायकोने आरशातून विचारलं, “अहो, ठीक आहे ना तिथे?”

मी म्हटलं, “ऐसपैस आहे.”